अधीनतेचा उतारा

पूर्णगडच्या किल्ल्यावरून मुचकुंदी समुद्राला मिळताना दिसते. गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे गावी जमलो होतो, तेव्हा संध्याकाळी किल्ल्यावरून परतल्यावर पुतणीने ओटीवर एक पुस्तिका माझ्यापुढे ठेवली. तिचे लग्न वसईच्या एका मराठी कॅथलिक घरात ठरले होते. विधीत वाचायच्या उताऱ्यांपैकी एकावर तिने पेन्सिलीने रेघ ओढली होती. "काका, हे मी निमूट ऐकायचं?"

उतारा इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातला होता. पत्नीने पतीच्या अधीन असावे, कारण पती तिचे मस्तक आहे, असे तो सांगतो. तिला मी त्या वेळी धड उत्तर दिले नाही. पुढचे दोन महिने त्याच्याच शोधात गेले.

पहिली गोष्ट हिशेबाची. या उताऱ्यात पत्नीसाठी जेमतेम तीन वचने आहेत आणि पतीसाठी त्याच्या दुपटीहून अधिक. रोमन जगात घरधन्याची सत्ता गृहीतच होती. बायका, मुले, गुलाम यांनी कसे वागावे याचे पाठ ॲरिस्टॉटलपासून चालत आलेले. त्या श्रोत्यांना पत्नीच्या अधीनतेत नवे काहीच ऐकू आले नसणार. दचकवणारे होते ते पुढचे: ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तसे पतीने पत्नीसाठी स्वतःला द्यावे. शिवाय सर्वांत जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते एकविसाव्यातून उसने घ्यावे लागते, आणि एकविसावे वचन सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन व्हायला सांगते. व्याकरणाची एवढीशी बाब, पण वाचन एकविसाव्यापासून सुरू करायचे की बाविसाव्यापासून, यावर संसाराचे चित्र बदलते.

चर्चची भूमिकाही एका जागी थांबलेली नाही. १९३० साली पोप अकरावे पायस यांनी पतीला मस्तक आणि पत्नीला हृदय म्हटले. १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी याच उताऱ्यातली अधीनता परस्परांची असल्याचे लिहिले. अँग्लिकन विधीत वधूच्या शपथेतला 'आज्ञा पाळीन' हा शब्द १९२८च्या सुधारित पुस्तकात ऐच्छिक झाला. उलट अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी १९९८ साली पत्नीची अधीनता आपल्या श्रद्धापत्रकात नव्याने घातली. भांडण मिटलेले नाही.

मला मात्र खरी अडचण दुसरीकडे दिसते. पत्नीच्या वाट्याला आलेल्या वचनांमागे कायदा उभा राहिला. पतीच्या वाट्याच्या वचनांमागे कोणीच नाही. १८६९च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार एवढे एकच कारण पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. हा भेद बायबलातला नव्हे, इंग्रजी कायद्यातून आलेला. इंग्लंडने तो १९२३ साली काढून टाकला. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने त्यावर १९९७ मध्ये घाव घातला आणि संसदेने कायदा बदलायला २००१ उजाडले.

कायद्याने पुरुषाच्या हाती दिलेले हत्यार एखाद्याने वापरले नाही, तर घर कसे दिसते? त्यासाठी आमच्याच जिल्ह्याकडे वळावे लागते. नारायण वामन टिळक करजगावचे, जन्म १८६१. १८८०मध्ये लग्न झाले तेव्हा लक्ष्मीबाई अकरा वर्षांच्या होत्या. १८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो पत्नीची संमती न घेता. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला त्या घावाची खोली सांगायला नको. 'मस्तक' या शब्दाचा वाईट अर्थ त्या दिवशी टिळकांनीही खराच करून दाखवला, असे मला वाटते.

तेव्हा १८६६चा एक कायदा होता. धर्मांतरामुळे जोडीदार सहा महिने दूर राहिला, तर ख्रिस्ती झालेल्याला न्यायालयात जाता येई. न्यायालय जोडीदाराला विचारी, नकार आला की वर्षभर थांबून पुन्हा विचारी आणि तरीही नकारच असेल तर विवाह मोडता येई. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या त्या ब्राह्मण म्हणूनच. ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात त्यांचे सोवळे काही काळ तसेच चालू होते. पाणी आणि स्वयंपाक यांच्या बाबतीत मस्तकाचा हुकूम चालला नाही. जातिभेद त्यांच्या मनातून गेला तो त्यांच्याच विचाराने, आणि १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे टिळक १९१९ साली गेले आणि त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. त्यांनीच जिला अक्षर गिरवायला लावले, तिने ते महाकाव्य पुढे नेले. ख्रिस्ताच्या चरित्राचा बहुतेक भाग तिच्या हातचा आहे.

हे सगळे मी पुतणीला फोनवर सांगितले. कॅथलिक विधीत या उताऱ्याचे लांब आणि आखूड असे दोन पर्याय आहेत आणि आखूड पर्यायात पत्नीविषयीची वचने येतच नाहीत, हेही सांगितले. मला वाटले, ती आखूडच निवडेल.

"नको, लांबच वाचू दे," ती म्हणाली. "त्याच्या वाटणीचं त्यालाही सगळं ऐकू दे. फक्त एकविसावं वचन गाळू नका म्हणून फादरना सांगून ठेवते."