पाण्याखालचे शेजारी – ७ : पट्टे मोजा, शेपूट बघा

मालवणला स्कूबा करून आलेल्या कुणाचाही फोन बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या हिरवट पाण्यात एक माणूस ‘ओके’ची खूण करतोय आणि त्याच्याभोवती काळ्या पट्ट्यांच्या माशांचा घोळका. माशाचं नाव विचारलं की उत्तर येतं, ‘झेब्रा असेल काहीतरी.’

झेब्रा नव्हे, सार्जंट. फौजेतल्या सार्जंट मेजरच्या बाहीवरच्या पट्ट्यांवरून हे नाव पडलं. शास्त्रीय नाव त्याहून मजेदार आहे : अबुडेफडफ. ते अरबी आहे, त्यातला ‘अबू’ म्हणजे बाप. तांबड्या समुद्राकाठी हे नाव टिपलं पीटर फोर्स्कोल या निसर्गशास्त्रज्ञाने. तो डेन्मार्कच्या अरबस्तान मोहिमेवर होता आणि 1763मध्ये येमेनमध्येच वारला. त्याची टिपणं 1775 साली छापली कार्स्टन नीबूर या सहकाऱ्याने. हाच नीबूर मधल्या काळात मुंबईला आला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची रेखाटनं करून गेला होता. पाव खायला झेपावणाऱ्या माशाचं गोत्र असं आपल्या दारावरून जातं.

आता ओळख. रंगावर जाऊ नका, पाण्यात तो फसवतो. पट्टे मोजा. पाच ठसठशीत उभे पट्टे आणि पाठीवर पिवळी झाक असेल, तर तो वायजिएन्सिस. अंग फिकट, करडं आणि पट्टे सहा-सात, पण बारीक असतील, तर बेंगालेन्सिस. मासा काही मोजणीसाठी थांबत नाही. त्यात शेवटचा पट्टा शेपटीच्या देठावर असतो, तो हमखास सुटतो. म्हणून शेपूटही बघायची. बेंगालेन्सिसच्या शेपटीची टोकं गोलसर असतात. प्रवाळबेटांकडे गेलात तर तिसरा भाऊ भेटेल, सेक्सफॅसिएटस. त्याच्या शेपटीच्या दोन्ही पात्यांवर काळी रेघ असते, उघडलेल्या कात्रीसारखी. नावात ‘सहा’ आणि अंगावर पाच, हा घोळ माझा नाही! जुन्या भारतीय याद्यांत ‘सॅक्सॅटिलिस’ सापडला तर मात्र सावध राहा. तो अटलांटिकचा रहिवासी.

पाव टाकला की हे सगळं बघायचं राहूनच जातं. पन्नास तोंडं एकदम अंगावर येतात, पट्ट्यांचा नुसता गोंधळ होतो. मुठीत काही न घेता खडकापासून चार हात दूर, तळाला पाय न लावता तरंगत राहा. पावाच्या आशेने आलेले कंटाळून पांगतात. मग एखादा मासा खडकाच्या एकाच कोपऱ्याशी घुटमळताना दिसतो. रंगाने जरा निळसर, काळवंडलेला. तो नर. त्याच्या मागे दगडावर जांभळट तांबडा डाग दिसेल, शेवाळासारखा. ती अंडी, हजारोंच्या संख्येने चिकटवलेली. मादी घालून निघून जाते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत पंखांनी वारा घालायचा, मेलेली अंडी उचलून टाकायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाकलायचं, हे सगळं बापाकडे.

हाकलण्यात आपणही आलो. वीतभरही नसलेला हा प्राणी थेट मास्कच्या काचेवर चाल करून येतो. गंमत वाटते, पण तिथून लगेच मागे सरा. तो तुमच्यामागे धावला, की आसपास टपलेले दुसरे मासे तेवढ्यात त्या डागावर तुटून पडतात.