अडुळसा, धोतरा आणि बाबांचा पंप

गेल्या उन्हाळ्यात आमचे बाबा पुण्याहून इकडे बोस्टनला आले. बॅगा उघडल्या तसं मेतकूट निघालं, भाजणी निघाली आणि तळाशी अडुळशाच्या तीन बाटल्या, ज्येष्ठमध आणि कसल्याशा काळ्या गोळ्यांची पुडी. बाबांना सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा विकार आहे. चाळीस वर्षांच्या सिगारेटची ही कमाई! "गोळ्यांनी बरं वाटतंय, तो पंप आता नको," असं त्यांनी जाहीर केलं. वाद नको म्हणून आम्ही गप्प बसलो. नवव्या दिवशी मध्यरात्री इमर्जन्सी रूम गाठावी लागली. "आणखी काय घेतात?" या डॉक्टरांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुडीवर नावच नव्हतं!

बाबा सुखरूप घरी आले. पण झाडपाल्यात तथ्य किती, हा प्रश्न काही सुटेना. आम्ही इंजिनियर, डॉक्टर नव्हे. तरी पुरावा तपासायची सवय आहे, म्हणून वाचत गेलो.

तथ्य आहे, हे आधी कबूल करू. अडुळशातल्या व्हॅसिसीनवरून कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झीन निघालं. धोतऱ्याची गोष्ट तर अधिकच मजेची. दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून इंग्लंडात गेली. धोतऱ्यातल्या अ‍ॅट्रोपीनच्याच कुळात पुढे इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम तयार झाली. बाबांनी बाजूला ठेवलेला पंप टायोट्रोपियमचा. म्हणजे झाडपाल्यासाठी त्यांनी सोडला तो धोतऱ्याचाच नातू!

फरक आहे तो मोजमापाचा. धोतऱ्यात विष किती, हे झाडागणिक बदलतं. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये ठरलेला असतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे ६००० रुग्णांना चार वर्षं तपासलं. टायोट्रोपियमने आजार उसळण्याचं प्रमाण कमी झालं. फुफ्फुसांची दरवर्षीची झीज मात्र थांबली नाही. औषधाची उणी बाजूही छापली जाते, याला पुरावा म्हणायचं. काढ्यांच्या चाचण्या बहुतेक लहान आणि थोड्या दिवसांच्या. त्यांवर पंप सोडणं म्हणजे लोड टेस्ट न केलेल्या पुलावरून ट्रक नेणं.

आणि 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे. आमच्याच बोस्टन परिसरातल्या देशी दुकानांतून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. हे २००४ साली प्रसिद्ध झालं. साधा ज्येष्ठमधही रोज भरपूर घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

सीओपीडीत सर्वांत मोठा उपाय म्हणजे सिगारेट सोडणं. रक्तातला प्राणवायू फारच कमी असेल तर घरी ऑक्सिजन लावल्याने आयुष्य वाढतं, हेही सिद्ध झालंय. शिवाय फ्लूची लस आणि शिकवून करून घेतलेला व्यायाम. आणि ज्या आजींनी कधी विडीला हात लावला नाही, पण जन्मभर चुलीपुढे फुंकणी फुंकली, त्यांचा दम लागणं 'वय झालं' म्हणून सोडू नका. त्यांचीही श्वासाची तपासणी करून घ्या.

आमच्याकडे तह झाला. डॉक्टरांना विचारून अडुळसा राहिला, काळ्या गोळ्या गेल्या, पंप रोज सकाळी चहाआधी. तेव्हा मंडळी, यंदा आईवडील आले की लोणच्याच्या बरण्यांबरोबर औषधांच्या पुड्याही टेबलावर मांडा, यादी करा आणि ती डॉक्टरांना दाखवा. वाद झाला तरी चालेल. आम्ही तो टाळला, आणि ती रात्र अजून विसरलेलो नाही.