चाकांचा आणि मोनोग्रामचा रंग

भाद्रपदी अमावस्येचा पोळा आला की आपल्या जुन्नर-आंबेगावात बैल सजतात. शिंगांना रंग लागतो. एक शिंग तांबडे आणि दुसरे हिरवे, असे सहसा कोणी करत नाही. रंग जुळला की जोडी उठून दिसते.

आता पुष्कळ घरांपुढे बैलगाडीच्या जागी जीप किंवा पिकअप उभी असते. तिचीही हौस होते. मढच्या बाजूला पांढरी गाडी दिसेल, तिची चाके काळी, आणि बोनेटवरची कंपनीची खूणही काळी. या खुणेला गॅरेजवाले मोनोग्राम म्हणतात. कोणी दोन्ही तांबडी करतात. रंग जुळवायला खर्च थोडा लागतो आणि जुनी गाडी नवी वाटते. यात वाईट काही नाही.

पण मोनोग्राम शोभेचा असतो, चाक शोभेचे नसते. गाडीचा आणि आत बसलेल्या माणसांचा सगळा भार चाकावर असतो. म्हणून रंग कुठे देऊ नये, ते आम्ही आधी सांगतो.

चाक खोलून पाहा. त्याची मधली सपाट बाजू हबला टेकते. नटांची भोके असतात, त्यांची कड खोलगट असते. तिथे नट बसतो. या दोन्ही जागी रंगाचा जाड थर राहू देऊ नये. थर राहिला तर पान्हा मारताना नट घट्ट लागल्यासारखा वाटतो. खरे म्हणजे तो रंगावर आवळलेला असतो. गाडी चालते, धक्के बसतात, चाक तापते. मग रंग चुरतो आणि तेवढी फट पडते. नट सैल होतो. बैलगाडीच्या आसाची खीळ निघाली तर काय होते, ते आपल्याला ठाऊक आहे. तेच माळशेज घाटात भरल्या गाडीला झाले तर?

ब्रेकच्या घासणाऱ्या भागावरही रंग उडू देऊ नये. त्या जागा आणि हवा भरायचा व्हॉल्व्ह कागद व चिकटपट्टीने झाकावा. टायर वाचवायला एक सोपी युक्ती आहे. पत्त्यांचा जुना कॅट घ्यावा आणि एकेक पान टायर व लोखंडी कडेच्या मध्ये उभे खोचावे. रंग पानांवर पडतो, टायर स्वच्छ राहतो.

आता घासण्याचे काम. सगळे यश यातच आहे, आणि कंटाळाही यातच येतो! गंजावर रंग मारला तर गंज आत वाढतच राहतो. एका पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. म्हणून चिखल, तेल आधी साबणाने धुवावे, मग पॉलिश पेपरने गंज काढावा. घासताना चाकाला चीर दिसली तर रंगाचा विचार सोडावा. ते चाक बदलावे.

जुना रंग कोरडा घासू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो. घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त शिसे नसावे, असा नियम आपल्या देशात 2017 पासून लागू झाला. पण तो घराच्या रंगांपुरता आहे. तेव्हा पाणी लावून घासावे, नाकाला फडके बांधावे आणि पोरांना दूर ठेवावे.

चाक वाळले की प्रायमर द्यावा. मग रंगाचे पातळ हात तीन-चार वेळा द्यावेत. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात. भर पावसाच्या दमट दिवसात हे काम काढू नये. रंग पांढुरका पडतो.

गॅरेजमध्ये 'ड्युको' हा शब्द ऐकू येतो. ते मुळात एका रंगाचे नाव. 1923 साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने तो मोटारींसाठी आणला. त्याआधी मोटारीचा रंग पुरता वाळायला आठवडे लागत. हा काही तासांत वाळू लागला. रंग गेला, नाव मात्र आपल्याकडे राहिले.

मोनोग्राम बहुधा प्लास्टिकचा असतो आणि वर चकचकीत मुलामा असतो. गुळगुळीत जागी रंग धरत नाही. बारीक पॉलिश पेपरने त्याची चमक हलकेच मोडावी आणि प्लास्टिकचा प्रायमर लावावा. थिनरने पुसू नये, प्लास्टिक खराब होते. रंग जुळायला हवा तर चाकाला वापरलेल्या डब्यातलाच घ्यावा. दोन दुकानांतले दोन काळे रंग उन्हात वेगळे दिसतात.

नंबरपाटीला मात्र हात लावू नये. खाजगी गाडीची पाटी पांढरी, भाड्याच्या गाडीची पिवळी, हे कायद्याने ठरले आहे.

रंग नीट वाळल्यावर चाक चढवावे. एक नट आवळला की त्याच्या समोरचा आवळावा, शेजारचा नको. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की थांबून सगळे नट पुन्हा पान्ह्याने तपासावेत.