पहिल्या चुकीलाही कायद्यात वाट आहे

महिनाअखेरीला माल जुळत नाही आणि गोदामातल्या पोराला केबिनमध्ये बोलावणं येतं. समोर कोरा कागद सरकवला जातो. ‘एवढं लिहून दे, पोलिसांत जात नाही.’ घाबरलेला पोरगा घेतलेल्या आणि न घेतलेल्या सगळ्याच मालाची कबुली लिहून देतो. पुढे तोच कागद तक्रारीला जोडला जातो.

नोकरीच्या ठिकाणच्या चोरीच्या प्रकरणात आरोपीचं मोठं नुकसान असं पोलीस येण्याआधीच होऊन बसतं. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, पण मालकाला लिहून दिलेला कबुलीनामा तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो. तो धाकाने किंवा आमिषाने घेतला असेल तर आव्हान देता येतं, मात्र ती लढाई सोपी नसते. म्हणून वकिलाशी बोलल्याशिवाय काही लिहून देऊ नये, सही करू नये.

गुन्हा दाखल झाला, तर आधी कलम पाहावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साध्या चोरीला (कलम ३०३) तीन वर्षांपर्यंत कैद आहे. माल पाच हजारांहून कमी किमतीचा असेल, तो किंवा त्याची किंमत परत केली असेल आणि दोष पहिल्यांदाच सिद्ध होत असेल, तर या कलमात शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितली आहे. पण नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर कलम ३०६ लागतं, विश्वासाने सोपवलेली रक्कम लाटली तर ३१६ (४). दोन्हींत कैद सात वर्षांपर्यंत जाते. लावलेलं कलम घटनेला खरोखर लागू पडतं का, हे वकिलाकडून तपासून घ्यावं.

सात वर्षं हा आकडा ऐकून घरच्यांचं अवसान गळतं. पण एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलं आहे. अटकेची गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. नोटिशीतली तारीख आणि वेळ पाळावी. दांडी मारणं म्हणजे अटकेला निमंत्रण. अटक झालीच, तर कारण कळण्याचा, वकिलाला भेटण्याचा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं राहण्याचा हक्क आहे.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडून बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन लावावा.

खटला उभा राहिला की ‘गुन्हा कबूल कर आणि मोकळा हो’ असा सल्ला हमखास मिळतो. तो घातक आहे. दोषी ठरल्याचा डाग पुढे प्रत्येक चारित्र्य पडताळणीत आडवा येतो. पैसे भरल्याने खटलाही आपोआप मिटत नाही. ३०६ आणि ३१६ (४) मध्ये मालकाशी तडजोड करायची, तर न्यायालयाची परवानगी लागते.

सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो १९५८ चा अपराधी परिविक्षा कायदा. नोकराने केलेल्या चोरीचं कलम त्याच्या तिसऱ्याच कलमात नाव घेऊन आलं आहे. आधी शिक्षा झाली नसेल, तर न्यायालय समज देऊन सोडू शकतं. चौथ्या कलमाखाली तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या हमीवर, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडता येतं. वय २१ च्या आत असेल, तर तुरुंगच का, याची कारणं न्यायालयाला नोंदवावी लागतात. अशा सुटकेनंतर दोषी ठरल्यामुळे येणारी कायदेशीर अपात्रता लागू होत नाही, असं बारावं कलम सांगतं. हातची नोकरी परत मिळेलच असं नाही. पण पुढच्या नोकरीची वाट पूर्ण बंद होत नाही.

ही सवलत मागायला हवी, आणि कशाच्या आधारावर तेही दाखवायला हवं: आधीच्या नोकरीचा दाखला, घरावरची जबाबदारी, परत केलेल्या रकमेची पावती. हे सगळं निकालाच्या दिवशी धावपळ करून जमत नाही. म्हणून घरच्यांनी बदनामीच्या भीतीने गप्प न बसता वकील गाठावा, आणि दोष सिद्ध झालाच तर परिविक्षा मागायची, हे त्याला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावं.