मोटरहोमच्या नळाला सडक्या अंड्यांचा वास? ब्लीच नंतर, आधी ग्लास घेऊन बाहेर या

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलतानाचं अडखळणं काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेतली आपली मंडळी मोटरहोम भाड्याने घेऊन यलोस्टोन, ग्रँड कॅन्यनच्या वाटेला लागतात. मी कोलोराडोत सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि आम्हा तिघा मित्रांचं मिळून एक जुनं मोटरहोम आहे. त्यामुळे मे महिना लागला की मला हमखास मेसेज येतो : "अरे, नळाच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास येतोय. टाकीत ब्लीच ओतू का?"

माझं उत्तर ठरलेलं. थांब. आधी वास कुठून येतोय ते शोध. बग कुठल्या फाइलमध्ये आहे हे कळायच्या आत आपण अख्खा प्रोजेक्ट पुन्हा लिहायला घेतो का? इथेही तेच. वास एकच, पण तो येण्याच्या जागा चार, आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा.

पहिली जागा : गॅस

ही शक्यता सगळ्यात आधी तपासायची, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. मोटरहोममध्ये शेगडी, हीटर आणि बऱ्याचदा फ्रिजसुद्धा प्रोपेनवर चालतो. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं उग्र रसायन मिसळतात, आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये असतं तसंच. त्याचा वास सडक्या अंड्यांच्या फार जवळ जातो. तेव्हा सगळे नळ बंद असतानाही वास येत असेल, तर पाण्याचा विचार सोडा. दिव्याच्या बटणाला हात न लावता सगळ्यांना बाहेर काढा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि लांब जाऊन मदतीला फोन करा.

नळ सोडल्यावरच वास येतोय? मग पुढे चला.

दुसरी जागा : मोरी

एका ग्लासात थंड पाणी घ्या, दुसऱ्यात गरम. दोन्ही घेऊन गाडीच्या बाहेर या आणि मोकळ्या हवेत वास घ्या. बाहेरच का? कारण सिंकपाशी उभं राहिलं की पाण्याचा वास कुठला आणि खालच्या मोरीचा कुठला, ते कळत नाही. शिवाय या वासाला नाक लवकर सरावतं.

दोन्ही ग्लास स्वच्छ, पण सिंकपाशी घाण वास? मग पाणी निर्दोष आहे. सिंकखालच्या वाकड्या पाइपमध्ये थोडं पाणी साठून राहावं लागतं. तेच सांडपाण्याच्या टाकीतली हवा वर येऊ देत नाही. गाडी बरेच दिवस उभी राहिली की ते पाणी वाळतं. प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता, बहुतेक वेळा काम होतं.

तिसरी जागा : गरम पाण्याचा हीटर

थंड ग्लास ठीक आणि गरम ग्लासाला वास, हा प्रकार फार दिसतो. बऱ्याच मोटरहोममध्ये साधारण 23 लिटरचा हीटर असतो. त्याची टाकी स्टीलची असेल तर तिला गंज लागू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा रॉड असतो. त्याला ॲनोड म्हणतात. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो. पण झिजताना तो जे इलेक्ट्रॉन सोडतो, ते पाण्यातल्या सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंच्या पथ्यावर पडतात. हे जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, म्हणजेच तो वास. कॅम्पग्राउंडचं पाणी विहिरीचं असेल आणि हीटर बरेच दिवस कोमट पडून असेल, तर त्यांची चंगळच.

उपाय असा. हीटरचा गॅस आणि वीज दोन्ही बंद करा. पाणी पूर्ण थंड होऊ द्या, त्यासाठी काही तास लागतात. मग पंप आणि बाहेरची नळी बंद करा, गरम नळ उघडून आतला दाब घालवा, आणि त्यानंतरच बाहेरच्या बाजूचा रॉड काढा. घाई केलीत तर उकळतं पाणी अंगावर येईल. टाकी धुऊन घ्या. रॉड तीन चतुर्थांश झिजला असेल तर नवा बसवा. वास पुन्हापुन्हा येत असेल तर मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियम-झिंकचा रॉड लावून बघा.

दोन गोष्टी सांभाळा. स्टीलच्या टाकीतला रॉड काढून नुसतं बूच लावू नका. वास जाईल, पण टाकी गंजेल. आणि काही हीटरची टाकी ॲल्युमिनियमची असते, त्यात मुळात रॉड नसतो. तिथे लावायलाही जाऊ नका. धुऊन झाल्यावर टाकी भरल्याशिवाय हीटर चालू करायचा नाही, नाहीतर विजेचा एलिमेंट जळतो.

चौथी जागा : टाकी, नळ्या, फिल्टर

दोन्ही ग्लासांना वास असेल तर आधी कॅम्पग्राउंडच्या नळाचं पाणी थेट ग्लासात घेऊन बघा. तिथेच वास असेल तर दोष तुमच्या गाडीत नाही. ते पाणी ठीक असेल तर पंप बंद करून नळी थेट गाडीला जोडा. आता वास गेला, तर गडबड टाकीत आहे. तरीही येतोय, तर तुमची नळी, आतले पाइप किंवा जुना फिल्टर.

ब्लीचची पाळी आता आली. हिशोब सोपा आहे : टाकीच्या दर लिटरला 1 मिलिलिटर ब्लीच. म्हणजे 150 लिटरच्या टाकीला 150 मिलिलिटर. साधारण सव्वापाच टक्क्यांचं साधं ब्लीच असेल तर पाण्यात क्लोरीनचं प्रमाण 50 पीपीएमच्या आसपास येतं. सुगंधी किंवा घट्ट केलेलं ब्लीच नको.

आधी टाकी रिकामी करा. फिल्टरचं कार्ट्रिज काढून ठेवा, कारण त्यातला कोळसा क्लोरीन शोषून घेतो. हीटर बंदच असू द्या, पण त्याचा बायपास बंद करा, म्हणजे क्लोरीनचं पाणी हीटरमधूनही फिरेल. ब्लीच बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओता आणि वरून टाकी पूर्ण भरा. मग एकेक नळ, गरम आणि थंड दोन्ही, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा. बाहेरचा शॉवर आणि टॉयलेटचा फ्लश विसरू नका. 4 तास तसंच ठेवा. नंतर सगळं पाणी सांडपाण्याच्या ठरलेल्या जागीच सोडा, टाकी भरून दोनतीनदा खळखळून धुवा आणि नवं कार्ट्रिज घाला.

या दिवशी व्हिनेगर कपाटातच राहू द्या. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि मोटरहोम म्हणजे चाकांवरची एक छोटी बंद खोली.

हे पाणी प्यायलं तर?

नाकाला हायड्रोजन सल्फाइड अगदी नगण्य प्रमाणातही कळतो. त्यामुळे एखादा घोट पोटात गेला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण त्या वासाचा निरोप नीट ऐका : या पाण्यातलं क्लोरीन संपलंय आणि जिवाणूंना रान मोकळं मिळालंय. पोट बिघडवणाऱ्या जिवाणूंना बहुधा वास नसतो. म्हणून नुसता वास घालवणारं काही टाकून गप्प बसू नका, मूळ जागा साफ करा. तोवर प्यायला आणि लहान मुलांच्या दुधाला बाटलीचं पाणी वापरा.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून : पिण्याच्या पाण्यासाठी वेगळी, त्यासाठीच बनवलेली नळी ठेवा, बागेची वापरू नका. सहलीवरून आलात की टाकी आणि हीटर रिकामे करा. हिवाळ्यात पाइपांत घातलेलं गुलाबी अँटीफ्रीझ वसंतात पूर्ण धुऊन काढा.

पुण्यात, नाशकात बसून ऐकणाऱ्यांनो, ग्लासची युक्ती तुमच्याही कामाची. बोअरचं पाणी असलेल्या सोसायटीत फक्त गीझरच्या पाण्याला हा वास येत असेल, तर सर्व्हिसिंगवाल्याला आतला ॲनोड रॉड बघायला सांगा. साठवणीच्या बऱ्याच गीझरमध्ये तोच मॅग्नेशियमचा रॉड असतो.

तर क्रम लक्षात ठेवा : गॅस, मोरी, हीटर, टाकी. ट्रिपला निघणाऱ्या मित्राला हा भाग आत्ताच पाठवा, कारण डोंगरात गेल्यावर रेंज मिळेलच असं नाही. भेटू पुढच्या भागात!