थरांवर उभी शहरांची स्पर्धा

ठाणे जिल्ह्यात दहीहंडी हा सण आहे, तशीच ती शहराशहरांतील पथकांची स्पर्धाही आहे. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी कल्याण-कर्जत रेल्वेमार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांत चौकाचौकांत हंड्या बांधल्या जातात. पथके आपल्या विभागातील हंडीला सलामी देतात आणि ट्रक-टेम्पोंतून दुसऱ्या शहरांकडे निघतात. कल्याण, डोंबिवली आणि ठाण्यातील मोठ्या हंड्यांचे दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपण होऊ लागले, तेव्हापासून चौकातला हा खेळ राज्यभर घराघरांत पाहिला जातो.

युरोपातील शहरांचा खेळ

सामान्य नागरिकांचे संघ आपल्या शहरासाठी दूरचित्रवाणीवर झुंजतात, हा प्रयोग युरोपात फार पूर्वी झाला. फ्रान्समध्ये १९६२ साली गी लुक्स यांनी ‘एंतरव्हिल’ हा शहरांच्या सामन्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यातूनच १९६५ मध्ये ‘जू सां फ्रोंतिएर’, म्हणजे ‘सीमांविना खेळ’, ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा उभी राहिली. फ्रान्स आणि जर्मनीच्या तरुणांनी खेळाच्या निमित्ताने एकत्र यावे, या कल्पनेचे श्रेय राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल यांना दिले जाते. पहिल्या वर्षी फ्रान्स, पश्चिम जर्मनी, बेल्जियम आणि इटली हे चार देश होते. पुढे स्वित्झर्लंड, ब्रिटन, नेदरलँड्स, युगोस्लाव्हिया आणि पोर्तुगाल हेही त्यात आले. ही मालिका १९८२ पर्यंत चालली आणि १९८८ ते १९९९ या काळात पुन्हा रंगली.

या खेळांत व्यावसायिक खेळाडू नसत. भले मोठे पोशाख चढवून, निसरड्या फळ्यांवरून, पाण्याच्या टाक्यांवरून नागरिक धावत. त्यांच्या पडण्या-धडपडण्यावर प्रेक्षक हसत, पण गुणांचा हिशेब चोख असे. एक खेळ कार्यक्रमभर मध्ये मध्ये चालू राही आणि प्रत्येक संघ त्यात आळीपाळीने उतरे. त्याला ‘लाल धागा’ म्हणत. प्रत्येक संघाकडे एक ‘जोकर’ असे. ज्या खेळासाठी तो वापरला जाई, त्या खेळाचे गुण दुप्पट होत. जेन्नारो ओलिव्हिएरी आणि ग्विदो पांकाल्दी हे स्विस पंच अनेक वर्षे या स्पर्धेची ओळख बनून राहिले. नियम सर्वांना सारखे असल्यामुळे लहान गावाचा संघही मोठ्या शहराला हरवू शके.

२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे ५ लाख, अंबरनाथची अडीच लाख आणि बदलापूरची पावणेदोन लाख होती. ‘सीमांविना खेळ’मध्ये याहून लहान गावांनीही आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले. देशाच्या नकाशावर सहसा न दिसणाऱ्या गावाला आपले नाव मोठ्याने घेण्याची संधी मिळणे, हेच अशा स्पर्धांचे मोल आहे.

थर, एक्के आणि कास्टेल

दहीहंडीचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. मनोऱ्याचा सारा भार तळाच्या थरावर येतो. तेथे दणकट गोविंदा खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि त्यांच्याभोवती आधाराची कडी उभी राहते. वर जाताना प्रत्येक थरावरील माणसे कमी होत जातात. ज्या थरावर एकच गोविंदा असतो, त्याला ‘एक्का’ म्हणतात. वरचे चार थर एकेकाच्या खांद्यावर उभे राहिले की ते ‘चार एक्के’ होतात, आणि तोल सांभाळण्याची खरी कसोटी तिथेच लागते. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थरांचा ४३.७९ फूट उंच मनोरा रचून जागतिक विक्रम केला. १६ ऑगस्ट २०२५ रोजी जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने ठाण्यात दहा थर लावले.

याच खेळाचा युरोपीय भाऊ म्हणजे स्पेनमधील कातालोनियाचा ‘कास्टेल’. त्याचा उगम अठराव्या शतकाच्या अखेरीस वाल्स या गावाच्या परिसरात झाला. तेथेही पथके गावांच्या नावाने ओळखली जातात. कमरेला घट्ट गुंडाळलेला लांब कापडी पट्टा पाठीला आधार देतो आणि वर चढणाऱ्याला त्यावर पाय ठेवता येतो. दहा थरांचा मनोरा व्हिलाफ्रांकाच्या पथकाने १९९८ मध्येच रचला होता. तारागोना शहरातील स्पर्धा १९३२ मध्ये प्रथम झाली. आता ती दर दोन वर्षांनी भरते. २०१० मध्ये युनेस्कोने कास्टेलला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात स्थान दिले.

कास्टेलच्या नियमांत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. शिखरावरच्या मुलाने हात वर केला की मनोरा रचला गेला असे मानतात, पण पूर्ण गुण तो सुखरूप उतरवल्यावरच मिळतात. रचलेला मनोरा उतरताना कोसळला, तर गुण कमी होतात. त्यामुळे पथके झेपेल तेवढीच उंची निवडतात. वरच्या थरांवरील मुले हेल्मेट घालतात.

बक्षिसाकडून नियमांकडे

महाराष्ट्रात बराच काळ दहीहंडीची चढाओढ थरांच्या संख्येवर आणि बक्षिसाच्या रकमेवर चालली. अपघात वाढले, तेव्हा प्रश्न न्यायालयात गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मनोऱ्याची उंची २० फुटांपर्यंत मर्यादित केली आणि १८ वर्षांखालील मुलांना बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे निर्बंध कायम ठेवले. ऑगस्ट २०१७ मध्ये उंचीचा निर्णय राज्य सरकारवर सोपवला गेला. १४ वर्षांखालील मुलांना मात्र मनोऱ्यात घेता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. २०२३ पासून वरळीतील बंदिस्त क्रीडागारात ‘प्रो गोविंदा’ स्पर्धा भरू लागली. तेथे पथकांची वेळ मोजली जाते आणि सामने पडद्यावर दाखवले जातात. चौकातला सण अशा रीतीने वेळापत्रक आणि पंच असलेल्या खेळाच्या वाटेवर आला आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या पथकांना एका मैदानात आणणारी आंतरशहर स्पर्धा भरवायची झाली, तर ‘सीमांविना खेळ’ आणि कास्टेल यांतून काही ठोस गोष्टी घेता येतील. सर्व पथकांना एकाच उंचीची हंडी आणि सारखेच नियम असावेत. पंच तिन्ही शहरांबाहेरचे असावेत. गुणतक्ता आधीच जाहीर व्हावा, आणि थर सुरक्षित उतरवण्याचे गुण थर लावण्याच्या गुणांइतकेच वजनदार असावेत. वरच्या गोविंदाला हेल्मेट आणि सुरक्षा दोर सक्तीचा असावा, वैद्यकीय पथक जागेवरच असावे आणि प्रत्येक गोविंदाचा विमा उतरवलेला असावा. पडद्यामुळे खेळ सर्वदूर पोहोचतो, पण गोविंदाला सुखरूप घरी पोहोचवण्याची हमी नियमच देऊ शकतात.