हडसनवरचं आकाश : गैरसमज आणि वस्तुस्थिती

न्यूयॉर्कवरून चार आसनांचं विमान बाहेर बघत, म्हणजे ‘व्हीएफआर’ पद्धतीने, नेता येतं हेच अनेकांना खरं वाटत नाही. जेएफके, लाग्वार्डिया आणि नेवार्क इतके जवळजवळ असताना छोट्या विमानाला तिथे बंदीच असणार, असा समज असतो. तशी बंदी नाही. या तीन विमानतळांभोवतीचं ‘क्लास बी’ आकाश उलट्या उतरंडीसारखं आहे. विमानतळापाशी ते जमिनीपासून सुरू होतं आणि दूर जावं तसा त्याचा तळ उंचावत जातो. माथा ७,००० फुटांवर. त्याच्या खालून, वरून किंवा परवानगी घेऊन आतूनही जाता येतं.

मात्र हवाई वाहतूक कंट्रोलरने रेडिओवर उत्तर दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं नाही. लहान विमानतळांभोवतीच्या क्लास सी आणि डीमध्ये त्याने तुमच्या विमानाचं संकेतनाम घेऊन उत्तर दिलं तरी पुरतं. क्लास बीमध्ये ‘क्लिअर्ड’ हे स्पष्ट ऐकू यायलाच हवं. कामाचा ताण असेल तर तो नकारही देतो. म्हणून बाहेरून वळसा घालणारा दुसरा मार्ग, त्याच्या इंधनासह, जमिनीवरच आखून ठेवावा.

सगळ्यात घातक गैरसमज हडसन नदीबद्दलचा आहे. नदीवरची १,३०० फुटांखालची अरुंद पट्टी क्लास बीमधून वगळलेली आहे. तिथे क्लिअरन्स लागत नाही, म्हणून नियमही नाहीत असं काही जण धरून चालतात. प्रत्यक्षात त्या पट्टीत विमानांना एकमेकांपासून दूर ठेवणारा कंट्रोलर नसतो, म्हणून तिथे शिस्त जास्तच लागते. ८ ऑगस्ट २००९ रोजी याच नदीवर एक पायपर विमान आणि सहलीचं हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळून नऊ जण गेले. विमान हाताळणाऱ्या कंट्रोलरचं फोनवरचं खासगी बोलणं तपासात पुढे आलं, आणि ‘बघा आणि टाळा’ या पद्धतीच्या अंगभूत मर्यादाही. पंख खाली असलेल्या विमानातून खालून चढत येणारं हेलिकॉप्टर दिसणं किती अवघड, हे बसून पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात नियम सक्तीचे झाले. नुसतं पट्टीतून पुढे जाणाऱ्यांनी १,००० फूट किंवा त्याहून वर, पण १,३०० च्या आत राहायचं, वेग १४० नॉटच्या वर नाही, दिवे चालू. दक्षिणेला जाताना न्यू जर्सीचा काठ, उत्तरेला जाताना मॅनहॅटनचा. जॉर्ज वॉशिंग्टन पूल, इंट्रेपिड हे संग्रहालय-जहाज, कोलगेटचं घड्याळ, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा अशा ठरलेल्या ठिकाणी १२३.०५ या रेडिओ फ्रिक्वेन्सीवर विमानाचा प्रकार, जागा, दिशा आणि उंची सांगायची. न्यूयॉर्कचा चालू आवृत्तीचा टर्मिनल नकाशा विमानात असायला हवा आणि त्यातली माहिती वैमानिकाला ठाऊक हवी.

शेजारच्या ईस्ट रिव्हरवर मात्र क्लिअरन्सशिवाय जाता येतं असं धरू नये. ऑक्टोबर २००६ मध्ये तिथे एक छोटं विमान इमारतीवर आदळलं, तेव्हापासून बहुतेक विमानांना कंट्रोलरची मंजुरी लागते.

आणखी एक गैरसमज फ्लाइट प्लॅनचा. अमेरिकेत साध्या व्हीएफआर उड्डाणाला फ्लाइट प्लॅन सक्तीचा नाही. तो भरला तरी क्लिअरन्स मिळत नाही. विमान पोहोचलं नाही तर शोध लवकर सुरू व्हावा, यासाठी तो असतो. तात्पुरते निर्बंध मात्र निघण्याआधी तपासायलाच हवेत. राष्ट्राध्यक्ष शहरात आले की साधारण ३० सागरी मैलांपर्यंतच्या आकाशावर बंधनं येतात, आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासभेमुळे सप्टेंबरात ती हमखास असतात.